कॅलिफोर्नियात मेडस्पा काढायचाय, कन्सल्टंट म्हणतो डॉक्टर "नावाला" मिळतो. हे चालतं का?

फ्रीमाँटचा_पक्या

मंडळी, जरा लांबड लावतोय, सांभाळून घ्या.

बायको फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे तपासून औषध लिहू शकणारी जादा शिकलेली नर्स) आहे, सहा वर्षं अर्जंट केअरमध्ये काढलीत, त्यातली शेवटची दोन १०३ एनपी म्हणून (डॉक्टर असलेल्या ठिकाणी बऱ्यापैकी स्वतंत्रपणे काम करता येतं असा दर्जा). बोटॉक्स-फिलरचे कोर्सेस केलेत आणि हात चांगला आहे, ओळखीच्या बायका तिच्याचकडून करून घ्यायचंय म्हणून मागे लागल्यात. मी सॉफ्टवेअरमध्ये, आमच्याकडे लेऑफची टांगती तलवार दर तिमाहीला असतेच, म्हणून म्हटलं दोघांनी मिळून काहीतरी आपलं सुरू करू. फ्रीमाँटमध्ये एका स्ट्रिप मॉलमध्ये गाळा बघितलाय, मेडस्पा, म्हणजे बोटॉक्स-फिलर करणारा सौंदर्य दवाखाना, आणि सोबत व्हिटॅमिन ड्रिप, वजन कमी करायची इंजेक्शनं वगैरे. पैसे घालायला एक मित्र तयार आहे, त्याची दोन रेस्टॉरंट्स आहेत. मी ४०, तो ४०, बायको २० टक्के असं डोक्यात होतं.

आता गंमत अशी की आम्ही एक कन्सल्टंट धरला, १२०० डॉलर डिपॉझिटही दिलं. तो म्हणाला सरळ एलएलसी (साधी मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढा आणि महिन्याला १५०० वर एक मेडिकल डायरेक्टर घ्या, डॉक्टर सॅन डिएगोला असतो, त्याला यायची गरज नाही, सगळी पेपरवर्क तो ऑनलाइन सही करतो. मला बरं वाटलं. पण बायकोला कुठेतरी शंका आली, तिने शोधलं तर म्हणे कॅलिफोर्नियात डॉक्टरशिवाय कुणाला मेडिकल प्रॅक्टिसची मालकीच घेता येत नाही. मग ॲमेझॉनने वन मेडिकल ही दवाखान्यांची साखळी कशी काय विकत घेतली? कैसर या हॉस्पिटल-इन्शुरन्सवाल्या बड्या संस्थेत हजारो डॉक्टर नोकरीच करतात ना? मोठ्यांना एक आणि आम्हाला एक असं आहे का हे? कुणाला खरंच माहीत असेल तर सांगा, "वकिलाला विचारा" हे मला माहितीये, विचारणारच आहे, पण तासाला पाचशे घेणाऱ्या माणसासमोर बसायच्या आधी निदान काय विचारायचं ते तरी कळू दे.

कागद_आधी

पक्या, पहिली गोष्ट, त्या गाळ्याच्या लीजवर सही केली नसशील तर करू नकोस. केली असेल तर सांग, मग वेगळं बोलू.

मी बे एरियातच एका एमएसओच्या, म्हणजे दवाखान्यांची बिगर-वैद्यकीय कामं सांभाळणाऱ्या व्यवस्थापन कंपनीच्या, फायनान्समध्ये नऊ वर्षं काढलीत, म्हणजे तू जे करायला निघालायस त्याचीच मोठी आणि कायद्यात बसवलेली आवृत्ती मी रोज बघतो. वहिनींची शंका शंभर टक्के बरोबर आहे. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम २४०० म्हणतं की कॉर्पोरेशन किंवा तत्सम कागदी संस्थेला वैद्यकीचे कुठलेच हक्क-अधिकार नाहीत. याला इथे कॉर्पोरेट प्रॅक्टिस ऑफ मेडिसिनची बंदी म्हणतात. पेशंट तपासणं, औषध लिहिणं हे लायसन्सवाल्या माणसाचं काम, कंपनीला लायसन्स मिळत नाही, मग कंपनीने डॉक्टर पगारावर ठेवून तेच काम केलं तर ती विनालायसन्स डॉक्टरकी झाली, असा साधा तर्क आहे. बोटॉक्स प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, ड्रिप आणि वजनाची इंजेक्शनंही वैद्यकीच. त्यामुळे बोर्डावर "स्पा" लिहून सुटका होत नाही.

तुमच्या आराखड्यात एकच नाही, दोन-तीन ठिकाणी पाणी मुरतंय. एक म्हणजे एलएलसी, त्या साच्यात इथे डॉक्टरकी करताच येत नाही. लागतं ते प्रोफेशनल कॉर्पोरेशन, आम्ही नुसतं पीसी म्हणतो. त्याचा कायदा १९६८ चा, मॉस्कोन-नॉक्स. मेडिकल पीसीत किमान ५१ टक्के शेअर डॉक्टरांकडे हवेत. उरलेले ४९ नर्स, फिजिशियन असिस्टंट, सायकॉलॉजिस्ट अशा कायद्यात यादी दिलेल्या लायसन्सवाल्यांकडे चालतात, पण त्यांची डोकी डॉक्टर मालकांच्या डोक्यांपेक्षा जास्त नकोत. म्हणजे एक डॉक्टर ५१ आणि वहिनी ४९, हे बसतं. एक डॉक्टर आणि दोन नर्स, नाही बसत. आणि तू आणि तुझा रेस्टॉरंटवाला मित्र, तुम्हा दोघांना एक टक्काही नाही. नवरा असलास तरी नाही.

आता ॲमेझॉनचं. ॲमेझॉनने २०२३ मध्ये ३.९ अब्ज डॉलरला जी घेतली ती व्यवस्थापन करणारी कंपनी. पेशंट तपासणाऱ्या पीसी वेगळ्या, त्यांची मालकी डॉक्टरांच्या नावावर. कैसरचं तर क्लासिक उदाहरण आहे, तिथल्या डॉक्टरांचा पगार कैसरचा हेल्थ प्लॅन देतच नाही. उत्तर कॅलिफोर्नियात द परमनंटे मेडिकल ग्रुप नावाची वेगळी, डॉक्टरांची संस्था आहे, ती देते. गेटवर पाटी एक, आत संस्था तीन. माझी बायको तिथे बारा वर्षं पेशंट आहे, तिला हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

बाकी एमएसओ कसं चालतं ते नंतर लिहितो, मीटिंग आहे.

सदाशिवपेठी_अजून

वाचून करमणूक झाली. आमच्याकडे अपोलो १९८३ पासून कंपनी म्हणून चालतंय, शेअर बाजारात शेअर घ्या आणि हॉस्पिटलचे मालक व्हा, माझ्याकडेही होते काही, मुलीच्या लग्नात विकले. इथे पुण्यात बिल्डर हॉस्पिटल काढतो, साखरवाला काढतो, नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन नीट केलं आणि डॉक्टर-नर्स नेमले की झालं. तुमच्या अमेरिकेत म्हणे धंद्याला मोकळीक!

पण एक सांगतो, आपल्याला हे कळायला अवघड नाही. महाराष्ट्रात शेतजमीन कोण घेऊ शकतो? शेतकरी. मग मुंबईचा शेठ काय करतो, गावातल्या एखाद्या खातेदाराला पुढे करतो. सातबारावर नाव त्याचं, कुंपण शेठचं, आंबे शेठच्या घरी. पक्यासाहेबांचा कन्सल्टंट तेच विकतोय, फक्त आंब्याच्या जागी बोटॉक्स.

जर्सी_बिलिंग

सदाशिवपेठी काका, उपमा एकदम फिट बसली, मी ऑफिसमध्ये हसले.

मी न्यू जर्सीत मेडिकल बिलिंग करते, एडिसनला, वीस वर्षं होतील. आमच्याकडे आणि न्यूयॉर्कला हे प्रकरण डॉक्टरांना लायसन्स देणाऱ्या मेडिकल बोर्डापेक्षा इन्शुरन्स कंपन्यांनी जास्त लावून धरलंय, कारण गाडीच्या अपघातांचं बिलिंग. न्यूयॉर्कमध्ये २००५ ला मॅलेला नावाच्या केसमध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की डॉक्टरचं नाव वापरून बाहेरच्यांनी काढलेली पीसी असेल तर इन्शुरन्स कंपनी पैसे रोखू शकते, उपचार खरोखर झालेले असले तरी. हे नीट वाच पक्या. उपचार खोटे होते म्हणून नाही, मालकी खोटी होती म्हणून. २०१९ ला करोथर्स केसमध्ये परत तेच, तिथे एमआरआय सेंटर होतं आणि भाड्याच्या नावाखाली नफा बिगर-डॉक्टरांकडे चालला होता.

आणि आमच्या न्यू जर्सीची २०१७ ची नॉर्थफील्डची केस तर तुझ्यासाठीच आहे. एका कायरोप्रॅक्टरची (मणक्यावर उपचार करणारा, एमडी नव्हे) व्यवस्थापन कंपनी, समोर नावाला एमडी मालक, त्याला जागा-मशिनरी चढ्या भावाने भाड्याने दिलेली. आणि मजा म्हणजे त्या डॉक्टरकडून तारीख न घातलेला राजीनामा आधीच सही करून घेतलेला! म्हणजे डॉक्टर जरा शहाणपणा करायला लागला की तारीख टाकायची आणि बाहेर. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हा सगळा साचाच इन्शुरन्स फ्रॉडच्या कायद्यात बसवला, आणि तो साचा शिकवणाऱ्या वकिलालाही सोडलं नाही. म्हणून म्हणते, "आमच्या कन्सल्टंटने सांगितलं होतं" हे कुठे चालत नाही.

तुझा मेडस्पा कॅशवर चालणार, इन्शुरन्सला बिल जाणार नाही, म्हणून तुला वाटेल आपल्याला काय त्याचं. पण बायकोचं लायसन्स तर आहे ना त्यात. माझ्या एका क्लायंटकडे अशीच एक नर्स होती, मालक पळाला, तक्रार आली तेव्हा बोर्डाची पत्रं तिच्या घरी यायची. दोन वर्षं झोप नव्हती बिचारीला.

ह्यूस्टनचा_ईआर

मी डॉक्टर आहे, इमर्जन्सी मेडिसिन, टेक्सास. इथली चर्चा छान चाललीय पण मला जरा वेगळं बोलायचंय, रागाने लिहितोय हे आधीच सांगतो.

टेक्सासचा कायदा कागदावर कॅलिफोर्नियाइतकाच कडक. हॉस्पिटल आम्हाला सरळ नोकरीवर ठेवू शकत नाही. काही अपवाद आहेत, मेडिकल बोर्डाने मान्य केलेल्या ना-नफा संस्था, आणि २०११ पासून ५० हजारांच्या आतल्या काऊंटीतली हॉस्पिटलं वगैरे, कारण खेड्यात डॉक्टर टिकतच नव्हते. बाकी ठिकाणी डॉक्टर स्वतंत्र. ऐकायला काय सुंदर. आता प्रत्यक्षात मी काय बघितलं ते ऐका.

मी आधी ज्या ग्रुपमध्ये होतो त्याचा मालक कागदावर एक डॉक्टर. मी चार वर्षांत त्याला कधी पाहिलं नाही. नंतर कळलं की त्याच्या नावावर इतर राज्यांतही अशा बऱ्याच संस्था आहेत. शिफ्टला किती डॉक्टर असावेत, तासाला किती पेशंट उडवावेत, हे सगळं व्यवस्थापन कंपनीकडून यायचं, रंगीत तक्त्यात, हिरवा-पिवळा-लाल. मी कायम पिवळा. रात्री एकट्या डॉक्टरवर विभाग चालवणं धोक्याचं आहे म्हणून ईमेल केला, तर तीन आठवड्यांत माझं नाव पुढच्या महिन्याच्या शेड्यूलमधून गायब. काढलं नाही हां, फक्त शिफ्ट दिल्या नाहीत. दाद कुणाकडे मागायची? मालक डॉक्टरकडे? तो फोन घेत नाही. बोर्डाकडे? बोर्ड म्हणणार मालक डॉक्टर आहे, सगळं नियमात आहे.

म्हणून पक्याचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही, मोठ्यांना एक आणि छोट्यांना एक असंच आहे. स्ट्रिप मॉलमधला मेडस्पा सापडतो, अब्जावधीवाल्याकडे चांगले वकील असतात. कॅलिफोर्नियात २०२१ च्या डिसेंबरमध्ये इमर्जन्सी डॉक्टरांच्या अकॅडमीच्या ग्रुपने एनव्हिजन या हॉस्पिटलांना डॉक्टर पुरवणाऱ्या कंपनीवर हाच मुद्दा घेऊन केस केली होती, की डॉक्टरांच्या पीसी नावाला आहेत आणि ताबा कंपनीचा आहे. आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो. २०२३ ला एनव्हिजनच दिवाळखोरीत गेली आणि केसचा निकाल लागलाच नाही. केकेआर या गुंतवणूक कंपनीने २०१८ ला जवळजवळ दहा अब्जाला घेतलेली कंपनी होती ती.

फ्रीमाँटचा_पक्या

बापरे. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. लीजवर सही नाही केली @कागद_आधी, फक्त एलओआय (गाळा घ्यायचा इरादा आहे असं पत्र) दिलंय, ते बंधनकारक नाही असं ब्रोकर म्हणतो.

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण मग मला प्रश्न पडतो की असा कायदा ठेवायचाच कशाला? जो पाळतो तो मूर्ख आणि जो वळसा घालतो तो शहाणा असं होत असेल तर सरळ सगळ्यांना मोकळं का करत नाहीत? फ्लोरिडात म्हणे कुणीही काढू शकतं.

टॅम्पाकर

फ्लोरिडात कुणीही काढू शकतं हे अर्धं खरं. एमडी लोकांना नोकरीवर ठेवायला आमच्याकडे सरसकट बंदी नाही, पण डॉक्टर मालक नसलेल्या क्लिनिकला २००३ च्या हेल्थ केअर क्लिनिक ॲक्टखाली राज्याचं लायसन्स लागतं, मेडिकल डायरेक्टर लागतो आणि त्याची जबाबदारी कायद्याने लिहिलेली आहे, सही करून गायब होता येत नाही. हा कायदा आला तोच मुळी अपघात इन्शुरन्सच्या गोंधळामुळे. निव्वळ कॅश घेणाऱ्यांना यातून सूट मिळते पण ते तुमच्या कामाचं नाही, तुम्ही राहता तिथला कायदा लागू, फ्लोरिडाचा नाही. इथे या, घर पण स्वस्त आहे. वादळं सोडली तर.

मोडेस्टो_ताई

मी या विषयातली नाही, पण आमच्या घरात घडलेलं सांगते, कारण "नवरा असलास तरी नाही" हे वाक्य वाचलं आणि मला आमच्या काकू आठवल्या.

काका इथे सेंट्रल व्हॅलीत १९८० च्या दशकात आले, एकट्याने प्रॅक्टिस उभी केली. रिसेप्शन, हिशेब, पगार, नर्सची भांडणं, सगळं काकूंनी बघितलं, तीस वर्षं. पेशंट काकांना कमी आणि काकूंना जास्त ओळखायचे, शेतावरचे मेक्सिकन लोक काकूंना "सेन्योरा डॉक्टर" म्हणायचे. काका अचानक गेले, हार्ट अटॅक. दिवस-कार्य पण झालं नव्हतं आणि अकाऊंटंटचा फोन आला की पीसीचे शेअर काकूंकडे वारसाने येतील पण राहू शकत नाहीत, सहा महिन्यांच्या आत कुणातरी लायसन्सवाल्याकडे गेले पाहिजेत. काकूंना वाटलं हा माणूस फसवतोय. घर त्यांचं, बिल्डिंग त्यांची, एक्सरे मशीनचे हप्ते त्यांनी फेडलेले, आणि दवाखाना त्यांचा नाही म्हणजे काय?

शेवटी गावातल्याच एका डॉक्टरने घेतली, भाव पाडून, कारण त्याला माहीत होतं घड्याळ कुणाच्या विरुद्ध चाललंय. त्याला मी दोष देत नाही, पण काकूंनी त्यानंतर त्या रस्त्याने गाडी नेली नाही कधी. तर पक्यादादा, ज्या डॉक्टरला ५१ टक्के द्याल, तो उद्या गेला किंवा त्याचं लायसन्स गेलं तर काय, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. आमच्याकडे कुणी लिहिलं नव्हतं, काका म्हणायचे मला काय धाड भरलीय.

कागद_आधी

ताई, हे वाचून गलबलून आलं. तो सहा महिन्यांचा नियम अगदी खरा आहे, आणि लायसन्स गेल्यामुळे अपात्र झाला तर तीनच महिने, ९० दिवस.

आता पक्याच्या "कायदा ठेवायचाच कशाला" यावर. जरा इतिहास सांगतो, मला आवडतो तो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वे, खाणी, लाकूडतोडीच्या कंपन्या डॉक्टर पगारावर ठेवायच्या आणि डॉक्टर पेशंटचा की कंपनीचा असा घोळ व्हायचा. त्यात भर म्हणून जाहिरातबाज साखळ्या. इथे पश्चिम किनाऱ्यावर पेनलेस पार्कर नावाचा डेंटिस्ट होता, दात काढताना किंचाळी ऐकू येऊ नये म्हणून बँड वाजवायचा, गळ्यात ३५७ दातांची माळ घालायचा. "पेनलेस" अशी जाहिरात करू नकोस म्हटल्यावर त्याने स्वतःचं नावच बदलून पेनलेस करून घेतलं! त्याच्या कंपनीच्या दवाखान्यांचं प्रकरण १९३२ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने म्हटलं की कॉर्पोरेशनला दंतवैद्यकीचा धंदा करता येत नाही. आज तुझा कन्सल्टंट ज्यातून पळवाट काढतोय त्या भिंतीची एक वीट ती आहे.

मी स्वतः एमएसओत पगार घेतो तरी मला वाटतं भिंत हवी. कारण आमच्या मीटिंगमध्ये मी कितीदा तरी ऐकलंय, एखादा बिझनेसवाला म्हणतो पेशंटमागे वेळ पंधरा मिनिटांवरून बारावर आणू, आणि आमचा कम्प्लायन्सवाला म्हणतो हे तू ठरवू शकत नाहीस. तो वाक्य संपवतो आणि विषय बदलतो. नेहमी नाही होत, पण होतं. भिंत नसती तर त्या माणसाकडे बोलायला काहीच नसतं. डॉक्टरसाहेब, तुमच्या बाबतीत असा माणूस नव्हता किंवा होता आणि गप्प बसला.

आणि अगदीच काही होत नाहीये असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्याकडे एसबी ३५१ या विधेयकावर सही झाली, १ जानेवारी २०२६ पासून लागू. प्रायव्हेट इक्विटी आणि हेज फंड अशा बड्या गुंतवणूकदारांनी डॉक्टर-डेंटिस्टच्या निर्णयात ढवळाढवळ करायची नाही. कुठल्या तपासण्या करायच्या, किती पेशंट बघायचे, रेकॉर्ड कुणाच्या ताब्यात, क्लिनिकल स्टाफ कुणी नेमायचा-काढायचा, बिलाचं कोडिंग कसं करायचं हे सगळं डॉक्टरांचं. मेडिकल बोर्ड हे आधीपासून सांगत होतंच, आता कायद्यात आलं आणि ॲटर्नी जनरलला हात उगारता येतो. करारात "बाहेर पडल्यावर स्पर्धा करू नका, आमच्याबद्दल वाईट बोलू नका" अशी कलमं घालण्यावरही बंधन आलंय.

युजीनहून

ओरेगॉन त्याच्याही पुढे गेलंय म्हणून लिहितो. आमचा फॅमिली डॉक्टरांचा ग्रुप एका बड्या कंपनीने घेतला, मग एकेक डॉक्टर सोडून गेला, आणि २०२४ मध्ये आम्हाला पत्र, तुमचा डॉक्टर आता नाही, दुसरा शोधा. आईचा डायबिटीस, तिला समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले, तिला वाटायचं आपणच काहीतरी पैसे बुडवलेत म्हणून काढलं. पूर्ण गावाचा अनुभव तोच होता, लोक चिडले होते.

जून २०२५ ला गव्हर्नर कोटेकने एसबी ९५१ वर सही केली. तुमच्याकडे ५१ टक्के डॉक्टर बघतात, इथे त्यांनी तो "नावाचा मालक" हाच प्रकार धरला. म्हणजे जो एमएसओचा मालक, डायरेक्टर किंवा नोकर आहे त्याला त्याच एमएसओने चालवलेल्या पीसीत बहुमत ठेवता येणार नाही. ह्यूस्टनच्या डॉक्टरांना न दिसलेला तो मालक, तो इथे चालणार नाही. नव्यांना २०२६ पासून, जुन्यांना १ जानेवारी २०२९ पर्यंत मुदत. तोपर्यंत कंपन्या काय नवीन शोधून काढतात बघू, तीन वर्षं म्हणजे वकिलांना भरपूर झाली. आईला अजून नवीन डॉक्टर पसंत नाही ते वेगळंच.

ह्यूस्टनचा_ईआर

ओरेगॉनचं वाचलं होतं. टेक्सासने २०२५ मध्ये निदान नॉन-कॉम्पीट (नोकरी सोडल्यावर जवळपास प्रॅक्टिस करायची नाही ही अट) आवळले, एक वर्ष, पाच मैल, आणि सुटका करून घ्यायची रक्कम वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नाही. सप्टेंबरपासूनच्या करारांना लागू. माझा करार त्याच्या आधीचा, अर्थात.

कागद_आधी, तुमच्या कम्प्लायन्सवाल्याला माझा नमस्कार सांगा. आणि पक्या, वर मी चिडून लिहिलं त्याचा अर्थ "मग कर बेधडक" असा घेऊ नकोस. सॅन डिएगोच्या त्या डॉक्टरला विचार, तुझ्याकडे ड्रिप चढवताना कुणाला रिॲक्शन आली तर तो किती वाजता पोचणार आहे. दीड हजारात काय विकतोय ते त्याला तरी कळू दे.

फ्रीमाँटचा_पक्या

विचारलं. म्हणजे कन्सल्टंटला विचारलं, डॉक्टरचा नंबर तो देत नाही, "साइन केल्यावर इंट्रो देतो" म्हणाला. कलम २४०० म्हटलं तर म्हणाला सगळे असंच करतात, आजपर्यंत माझ्या एकाही क्लायंटला काही झालेलं नाही. बायको स्पीकरवर ऐकत होती, तिने माझ्याकडे असं बघितलं की मी फोन ठेवला.

मग आम्ही तिच्या जुन्या अर्जंट केअरमधल्या डॉक्टर मॅडमशी बोललो, तमिळ आहेत, साठीच्या, आता अर्धवेळ करतात. त्या ५१ घ्यायला आणि आठवड्यातून दोन दिवस येऊन बसायला तयार आहेत, पण म्हणाल्या की मी खरी मालक असेन तर खरे निर्णय घेईन, वजनाच्या इंजेक्शनला आधी रक्ततपासणी, मागेल त्याला नाही. माझ्या मित्राचा चेहरा पडला, त्याचं सगळं गणित त्याच्यावरच होतं. त्याला आता विचारतोय की त्याचे पैसे मग कुठे बसतात? आणि १०४ एनपी म्हणून बायको एकटी काढू शकते असंही कुणीतरी म्हणालं ते काय?

कागद_आधी

मॅडमना सोडू नकोस. मी सांगतो ते लिहून घे.

तू आणि मित्र एमएसओ काढा, ती साधी कंपनी, एलएलसीसुद्धा चालते, कारण ती डॉक्टरकी करणार नाही. गाळ्याचं लीज, फर्निचर, लेझर मशीन विकत घेऊन भाड्याने देणं, सॉफ्टवेअर, मार्केटिंग, फोन उचलणारी मुलगी, हिशेब हे सगळं एमएसओचं. मात्र कुठलं मशीन, कुठलं औषध घ्यायचं हे मॅडम ठरवणार. पेशंटचे पैसे पीसीच्या खात्यात जमा होणार, त्यातून पीसी एमएसओला फी देणार. फी टक्केवारीत असली तरी कलम ६५० ला (पेशंट पाठवण्याबद्दल कमिशनला बंदी घालणारं) चालते, पण दिलेल्या सेवेच्या किमतीला धरून हवी. बाजारभाव काय ते कुणाकडून तरी कागदावर घे. मित्राला वाटत असेल की फी ९५ टक्के लावू आणि पीसीत शून्य ठेवू, तर जर्सी ताईंची पोस्ट त्याला परत वाचायला दे. आणि पेशंट आणून देण्याबद्दल कमिशन हा शब्द तर उच्चारायचा नाही, ना कुणा ब्यूटी पार्लरवालीला, ना इन्फ्लुएन्सरला.

पीसीला "ग्लो" "ऑरा" असलं काही नाव द्यायचं असेल तर मेडिकल बोर्डाचं फिक्टिशस नेम परमिट लागतं, लोक हे विसरतात. आणि ड्रिप किंवा बोटॉक्स देण्याआधी प्रत्येक नव्या पेशंटची नीट तपासणी डॉक्टर, एनपी किंवा पीएनेच (फिजिशियन असिस्टंट) करायची, वहिनी ते करू शकतात, नुसती आरएन, म्हणजे साधी नोंदणीकृत नर्स, ठेवून उरकायचं नाही.

१०४ चं खरं आहे. २०२० चा एबी ८९० कायदा, त्यात १०३ म्हणजे डॉक्टर असलेल्या ठिकाणी स्टँडर्डाइज्ड प्रोसिजरशिवाय (डॉक्टरबरोबर ठरवलेल्या लेखी कार्यपद्धतीशिवाय) काम, आणि तशी तीन वर्षं झाली की १०४ साठी अर्ज, मग डॉक्टरशिवाय स्वतःची प्रॅक्टिस, स्वतःच्या ट्रेनिंगच्या चौकटीत. म्हणून पहिले १०४ वाले २०२६ मध्ये यायला लागले. वहिनींची १०३ म्हणून दोन झालीत म्हणतोस, म्हणजे अजून एक वर्ष. वकिलाला पहिला प्रश्न हा विचार की आत्ता मॅडमबरोबर मेडिकल पीसी काढून वर्षाने बदलायचं की वर्षभर थांबून वहिनींची नर्सिंग कॉर्पोरेशन काढायची. दुसरा प्रश्न मोडेस्टो ताईंचा, मॅडम साठीच्या आहेत. तिसरा, मित्राला बाहेर पडायचं झालं तर.

हो, आणि डॉक्टर एका क्लिनिकचे मालक नसताना नुसते कॉन्ट्रॅक्टवर काम करत होते, क्लिनिक बिगर-डॉक्टरांचं, तरी बोर्डाने कारवाई केली आणि २००० साली कोर्टाने ती कायम ठेवली, अशी केस आहे इथे. सॅन डिएगोच्या साहेबांनी ती वाचली नसावी.

सदाशिवपेठी_अजून

डॉक्टर मॅडम खऱ्या मालक होणार म्हटल्यावर मित्राचा चेहरा पडला, यातच सगळं आलं. चहा पाजा त्याला.

जर्सी_बिलिंग

१२०० चं काय केलंस पक्या? करार बघ, डिपॉझिट कशासाठी घेतलं ते लिहिलंय का. बेकायदा रचना विकली म्हणून परत मागता येतील, मेल कर, फोनवर बोलू नकोस.

फ्रीमाँटचा_पक्या

मेल केला काल रात्री. सकाळी उत्तर आलं, नॉन-रिफंडेबल, पण "गुडविल म्हणून" सहाशे देतो म्हणे, बदल्यात त्याच्याबद्दल ऑनलाइन काही लिहायचं नाही अशा कागदावर सही करा. बायको म्हणाली सही करू नकोस, सहाशे सोड. एलओआय मागे घेतलं, ब्रोकर कुरकुरला. वकिलाची वेळ गुरुवारची मिळालीय, मित्रही येतो म्हणतोय, मॅडम पण. गुरुवारनंतर लिहितो काय झालं ते.

@मोडेस्टो_ताई तुमचा प्रश्न यादीत पहिला ठेवलाय. मॅडमनीच सांगितलं, माझ्यापासून सुरुवात करा म्हणून.